नाव विसरलेला ग्रंथ

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या मेजापाशी नित्य घडणारा एक प्रसंग आहे. एक वृद्ध गृहस्थ येतात, आजूबाजूस कोणी ऐकत नाही ना हे पाहतात आणि काहीशा संकोचाने म्हणतात, "एक जुनी कादंबरी हवी होती. नाव काही आठवत नाही. यमू नावाच्या मुलीची गोष्ट आहे, फार दुःखाची. आमच्या आईपाशी होती. पुढची पाने गेलेली होती. बहुधा त्या यमूनेच लिहिलेली असावी."

यमूने लिहिलेली कादंबरी कोणत्याही सूचीत सापडावयाची नाही. परंतु जाणता ग्रंथपाल "अशी कादंबरी नाही" असे म्हणत नाही. तो विचारतो, "काका, ती यमू आपली हकीकत स्वतः सांगते, की तिची हकीकत दुसरा कोणी सांगतो? नवऱ्याबरोबर ती गावोगाव हिंडते का?" हे दोन प्रश्न त्याने सहज विचारलेले नसतात. विधवांच्या दुःखाविषयीच्या दोन जुन्या मराठी कादंबऱ्यांची नायिका यमुना आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'तील यमुना पतीसह प्रवास करते आणि वाटेत भेटलेल्या विधवांचे हाल पाहते. हरिभाऊ आपट्यांची यमू आपले आयुष्य आपल्याच तोंडाने सांगते. "प्रवास नाही हो, तीच सांगते सगळे," असे गृहस्थ म्हणतात आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यांच्या हाती येते. यमूनेच पुस्तक लिहिले ही त्यांची समजूत चुकीची होती खरी. पण त्या चुकीतच खरी खूण दडलेली होती.

असे साहाय्य हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे आज मानले जाते. पूर्वी मात्र तसे मानले जात नसे. ग्रंथ हवा असेल तर त्याचे नाव वाचकाने सांगितले पाहिजे, आणि नाव विसरला तर तो दोष त्याचा, अशीच शतकानुशतके रीत होती. स्मरणाचा हा भार वाचकाच्या डोक्यावरून उतरून ग्रंथालयाच्या खांद्यावर कसा आला, हा ग्रंथालयांच्या इतिहासातील एक मनोज्ञ भाग आहे.

नावावाचून ग्रंथ ओळखण्याची विद्या मात्र फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या विख्यात ग्रंथसंग्रहाच्या आधारे कॅलिमॅकस या कवि-पंडिताने 'पिनाकेस' नावाची सूची रचली. ती १२० गुंडाळ्यांची होती असे परंपरा सांगते. मूळ सूची नष्ट झाली आहे. परंतु इतरांच्या लेखनात आलेल्या उल्लेखांवरून तिची धाटणी समजते. ग्रंथकाराची माहिती, ग्रंथाचे आरंभीचे शब्द आणि एकंदर ओळींची संख्या तीत दिलेली असे. पपायरसच्या गुंडाळीवरील नावाची चिठ्ठी गळून पडली तरी पहिले शब्द जागच्या जागी असतात. त्यांवरून ग्रंथ ओळखावा आणि ओळींच्या संख्येवरून तो पुरा आहे की नाही हे ताडावे, अशी ही योजना होती.

आपल्याकडे वैदिकांनी हेच तंत्र स्वतंत्रपणे सिद्ध केले होते. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, म्हणजे आरंभीचे पद, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद क्रमाने नोंदलेले आहेत. आद्य शब्द आणि संख्या याच दोन खुणा एका ठिकाणी गुंडाळ्यांसाठी आणि दुसऱ्या ठिकाणी मुखोद्गत विद्येसाठी वापरल्या जाव्यात, हे लक्षणीय आहे. पुढे संतवाङ्मयातही ही रीत आली. छापील अभंगगाथांच्या शेवटी अभंगांच्या पहिल्या शब्दांची अकारविल्हे सूची असते. अभंगाला निराळे नाव नसते. पहिले शब्द हेच त्याचे नाव. ज्या वारकऱ्याला आरंभ तेवढा आठवतो, त्याला गाथेतील हजारो अभंगांतून आपला अभंग काढून घेता येतो. गाथेची ही शेवटची पाने म्हणजे विसराळू वाचकासाठी केलेली एक जुनी सोयच होय.

हस्तलिखितांच्या शोधकांना तर याहून कठीण प्रसंग येत. मुंबई सरकारने १८६८ च्या सुमारास संस्कृत हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध आरंभिला. बूल्हर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटर्सन यांसारखे पंडित त्या कामी होते. पोथीला आजच्या अर्थाने मुखपृष्ठ नसे. नाव असलेच तर शेवटच्या पुष्पिकेत; आणि झिजण्याचा व हरवण्याचा पहिला मान पोथीच्या बाहेरच्या पानांचाच. म्हणून वर्णनात्मक सूच्यांत प्रत्येक पोथीचा आरंभीचा आणि शेवटचा मजकूर उतरून घेण्याचा प्रघात पडला. एका गावातील बिननावाच्या पोथीचा आरंभ दुसऱ्या गावातील नाव असलेल्या पोथीच्या आरंभाशी जुळला की ओळख पटे. जर्मन पंडित थिओडोर आउफ्रेख्ट याने ठिकठिकाणच्या हस्तलिखितसूच्या एकत्र करून १८९१ ते १९०३ या काळात 'कॅटॅलोगस कॅटॅलोगोरम', म्हणजे सूचींची सूची, तीन भागांत प्रसिद्ध केली. तिची नवी आणि विस्तृत आवृत्ती करण्याचे काम मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतले.

परंतु ही सारी साधने विद्वानांनी विद्वानांसाठी केलेली होती. ग्रंथालयात सामान्य मनुष्य येऊ लागला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता पान पोथीचे नव्हे, तर वाचकाच्या आठवणीचे गळालेले असे.

या प्रश्नाची पहिली मोठी झुंज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाली. अँटोनियो पानिझ्झी हा राजकीय कारणांनी परागंदा झालेला इटालियन गृहस्थ १८३७ मध्ये तेथील मुद्रित ग्रंथांचा प्रमुख झाला. श्रीमंताला आपल्या जिज्ञासेची तृप्ती करण्यासाठी जी साधने मिळतात, ती गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, अशी भूमिका त्याने १८३६ मध्येच पार्लमेंटच्या समितीपुढे मांडली होती. १८४१ मध्ये त्याचे ९१ सूचिनियम छापून प्रसिद्ध झाले. टोपणनावाने लिहिलेला ग्रंथ कोठे नोंदावा, निनावी ग्रंथ कोणत्या शब्दाखाली घालावा, एकाच ग्रंथाच्या भिन्न आवृत्त्या एकत्र कशा आणाव्यात, याचा त्यांत बारकाईने विचार होता. लोकांना हा सारा वेळेचा अपव्यय वाटला. पुस्तकाचे नाव उतरून काढावयास नियम कशाला हवेत, असा आक्षेप होता. चौकशीसाठी १८४७ मध्ये राजनियुक्त आयोग बसला. थॉमस कार्लाइलसारख्या नामांकित लेखकानेही त्यापुढे सूचीविषयीच्या तक्रारी मांडल्या.

आयोगाचे चिटणीस जॉन पेन कॉलियर यांचे मत होते की, हे काम सोपे असून झपाट्याने उरकता येईल. नमुना म्हणून त्यांनी आपल्याच संग्रहातील २५ पुस्तकांच्या नोंदी करून दिल्या. पानिझ्झीने त्या आपला सहकारी विंटर जोन्स याच्याकडे तपासावयास दिल्या. जोन्सने त्या नोंदींत जागोजागी अपुरेपणा आणि चुका दाखवून दिल्या. विद्वान माणसाला स्वतःच्या घरातली पुस्तकेसुद्धा इतरांना सापडतील अशा रीतीने नोंदता येत नाहीत, हे त्यावरून सिद्ध झाले. पानिझ्झीच्या क्लिष्ट नियमांमागील तत्त्व साधे होते. वाचक कोणत्या वाटेने येईल हे ग्रंथालयाला आधी ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक वाटेवर पाटी हवी.

त्या पाट्यांची गरज किती खरी आहे हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. राम गणेश गडकऱ्यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. केशवकुमारांची कविता आवडणाऱ्याला ते प्र. के. अत्रे आहेत हे माहीत असेलच असे नाही. 'बी' या एकाक्षरी नावामागे नारायण मुरलीधर गुप्ते आहेत, हे सूचीने सांगितले नाही तर नवख्याने ओळखावे कसे? इंग्रजीत सॅम्युएल हॅल्केट आणि जॉन लेंग या दोन ग्रंथपालांच्या परिश्रमांतून निनावी आणि टोपणनावी ग्रंथांचा मोठा कोश तयार झाला आणि १८८२ ते १८८८ या काळात चार भागांत छापला गेला.

१८७६ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बॉस्टन अथेनियमचा ग्रंथपाल चार्ल्स अॅमी कटर याने कोशपद्धतीच्या सूचीचे नियम प्रसिद्ध केले. सूचीचे पहिले प्रयोजन त्याने असे ठरविले की, ग्रंथकार, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी कोणतेही एक माहीत असलेल्या माणसाला ग्रंथ सापडला पाहिजे. यातील 'किंवा' हा शब्द लहान असला तरी त्याची किंमत मोठी आहे. एकाच पुस्तकासाठी तीन-चार पत्रके करण्याचा खर्च आणि श्रम त्या एका शब्दाने ग्रंथालयावर टाकले. त्याच्या मोबदल्यात वाचकाला दोन गोष्टी विसरण्याची मुभा मिळाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतील ग्रंथपालांची परिषद भरली. वूस्टर या कारखान्यांच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाशी संबंध असलेल्या सॅम्युएल स्वेट ग्रीन याचा ग्रंथपाल आणि वाचक यांच्या वैयक्तिक संबंधांवरील निबंध तिच्यापुढे आला. त्याचे म्हणणे असे की, सूची कितीही उत्तम केली तरी सामान्य माणसाला ती वापरता येत नाही, आणि आपल्याला नेमके काय हवे हे त्याला धड सांगता येत नाही. तो लाजतो. म्हणून ग्रंथपालाने आपण होऊन आतिथ्यशील व्हावे. गिऱ्हाइकाने काही न घेता जावे हे दुकानदाराला जसे रुचत नाही, तसे वाचकाने उत्तरावाचून परतावे हे ग्रंथपालाला रुचू नये. वाचकाची अस्पष्ट आठवण ही थट्टेची गोष्ट नसून ग्रंथपालाच्या कामाचा आरंभबिंदू आहे, हा विचार येथे प्रथमच इतक्या ठामपणे मांडला गेला.

या विचाराच्या आड एक भिंत उभी होती. बहुतेक ग्रंथालयांत कपाटे वाचकाला बंद असत. इंग्लंडमध्ये तर 'इंडिकेटर' नावाचा मोठा फळा मेजावर उभा केलेला असे. वाचकाने छापील सूचीतून पुस्तकाचा क्रमांक काढावा, फळ्यावरील रंगावरून ते आत आहे की बाहेर गेले आहे हे पाहावे आणि चिठ्ठी द्यावी. ज्याला नाव ठाऊक नाही त्याला चिठ्ठीवर लिहावयासच काही नसे. हा नियम वरवर सर्वांना सारखा होता. पण त्याचा जाच सारखा नव्हता. ज्याच्या घरी पुस्तकांची ये-जा आहे त्याला नावे आपोआप कळतात. ज्याने नुकतीच अक्षरे जोडावयास शिकली, ज्या स्त्रीने शेजारणीकडून गोष्ट नुसती ऐकली, ज्या मुलाने वर्गात एक उतारा वाचला, त्यांच्यापाशी नाव नसते. ओढ मात्र असते. नाव विचारणारी चिठ्ठी अशांना दारातूनच परत लावीत असे. १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राऊन याने वाचकांना कपाटांपर्यंत मोकळेपणी जाऊ दिले. त्यावर मोठा गहजब झाला. पण पाठ दिसताच पुस्तक ओळखणाऱ्या वाचकाला प्रथमच आपल्या डोळ्यांचा उपयोग करता आला.

हिंदुस्थानात हे वारे बडोद्याच्या वाटेने आले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला आणि पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठविणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. जेथे वाचक प्रथमच पुस्तकाला हात लावीत होता, तेथे त्याने नाव सांगावे ही अपेक्षाच व्यर्थ होती.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या विषयाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जाऊन आले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यांतील एक सूत्र. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे दुसरे. मद्रासला त्यांनी कपाटे खुली केली आणि संदर्भसेवा हे ग्रंथालयाचे जीवितकार्य मानले. चटकन देता येणारे उत्तर आणि चिकाटीने शोधून द्यावयाचे उत्तर, असे त्या सेवेचे दोन प्रकार त्यांनी पाडले. नाव विसरलेल्या पुस्तकाचा शोध बहुधा पहिल्या प्रकारात सुरू होतो आणि दुसऱ्यात संपतो.

अशा शोधाला भाषेची संपूर्ण ग्रंथसूची लागते. कारण अमुक पुस्तक आपल्या कपाटात नाही, एवढ्यावरून ते जगात नाही असे म्हणता येत नाही. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली होती. १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची लंडनमध्ये निघाली. परंतु मराठीचा खरा आधार झाला तो शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांच्या मराठी ग्रंथसंपदेचा हा हिशेब एका माणसाच्या ध्यासातून उभा राहिला. कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बी. एस. केशवन यांच्या काळात भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची सुरू झाली आणि १९५८ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. तीत सर्व भाषांतील नोंदी रोमन लिपीत असल्यामुळे मराठी न जाणणाऱ्या ग्रंथपालालाही मराठी पुस्तकाचा माग काढता येऊ लागला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या सोयीचे मोल अधिक.

साधने अशी वाढली, तरी ती आपण होऊन बोलत नाहीत. आठवणीची तऱ्हाच विलक्षण असते. पुस्तकाचे नाव, ग्रंथकार आणि प्रकाशक या ज्या गोष्टी सूची काळजीपूर्वक नोंदते, त्याच वाचक प्रथम विसरतो. त्याला आठवतो तो पुठ्ठ्याचा रंग, डाव्या पानावरचे चित्र, पावसात भिजणारी नायिका. आणि यांतले काहीच सूचीत नसते. ही दरी प्रश्नांनीच भरून काढावी लागते. पुस्तक केव्हा वाचले, तेव्हा वय काय होते, शाळेत वाचले की घरी, मूळ मराठी होते की भाषांतर, सामाजिक होते की ऐतिहासिक? वाचनाचे साल कळले की त्यानंतरची सारी पुस्तके बाजूला पडतात. वय कळले की विषयाची कक्षा आखडते. रंग मात्र शेवटी विचारावा, कारण जुन्या पुस्तकाला ग्रंथालयाने नवा पुठ्ठा केव्हाच घातलेला असतो.

१९६८ मध्ये रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने या संवादाचे सूक्ष्म विश्लेषण केले. मनातील अस्फुट गरज, तिची झालेली जाणीव, तिचे केलेले शब्दरूप आणि ग्रंथालयाच्या सोयीने घडविलेला प्रश्न, अशा चार पायऱ्या त्याने दाखविल्या. मेजापाशी येतो तो शेवटच्या पायरीवरील प्रश्न. ग्रंथपालाने तेथून उलट पावली वर जावयाचे असते. याचे एक मासलेवाईक उदाहरण ड्यूडनी आणि मिशेल या दोन कॅनेडियन विदुषींच्या १९९६ च्या लेखाच्या मथळ्यातच आहे. हवे असलेले पुस्तक डार्विनचे 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज'. ते ऐकू आले 'ऑरेंजेस अँड पीचेस', म्हणजे संत्री आणि पीच ही फळे! जो ग्रंथपाल ऐकलेल्या शब्दांवरच विसंबेल तो फळबागांच्या कपाटाकडे जाईल. जो "हे पुस्तक कशासाठी हवे?" असे आदराने विचारील, तो डार्विनपाशी पोचेल.

आज संगणकामुळे पुस्तकाच्या पोटातील शब्दही शोधता येतात. कॅलिमॅकस आणि कात्यायन यांनी पहिले शब्द नोंदले. आता, ग्रंथ संगणकात उतरविलेला असेल तर, मधले आणि शेवटचेही हाताशी आले आहेत. ही प्रगती लहान नाही. तरीही यंत्राला शब्द द्यावा लागतो, आणि मराठीची असंख्य जुनी पुस्तके अद्याप केवळ कागदावरच आहेत. शिवाय यमूनेच यमूची गोष्ट लिहिली असे सांगणाऱ्याचे म्हणणे खोडून न काढता त्यातली खूण उचलणे, हे काम ऐकून घेणाऱ्या माणसाचे आहे.

ते वृद्ध गृहस्थ पुस्तक घेऊन बाकावर बसतात. आईच्या प्रतीत नसलेली पहिली पाने ते प्रथमच वाचतात. कादंबरीचे नाव हाच एक प्रश्न आहे, हे तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानात येते.